मदत हवी आहे: इंजिनावर ताडपत्री घातलेलं हे विमान फॉलंड की फेअरी बॅटल?

मंडळी, साउदॅम्प्टनच्या जुन्या बाजारात एक कृष्णधवल फोटो मिळालाय. पाठीमागे पेन्सिलीनं फक्त 'हॅम्बल' (साउदॅम्प्टनजवळचं गाव) लिहिलंय. एका इंजिनाचं चांगलं दांडगं विमान आहे, पंख धडाच्या खालच्या अंगाला, चाकं आत न जाणारी. इंजिन ताडपत्रीखाली. शेपटीकडच्या क्रमांकापुढे नेमका एक गृहस्थ उभा, त्यामुळे शेवटचे '७८' एवढेच दिसतात.

पहिला संशय फॉलंड कंपनीच्या एफओ १०८ या विमानावर. हे मुळात नवी इंजिनं हवेत तपासायलाच बांधलेलं. एकूण १२ झाली, पी १७७४ ते पी १७८५. सेबर, सेंटॉरस, हर्क्युलिस, ग्रिफन अशी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली बडी इंजिनं त्यावर चढवली गेली. १२ पैकी ५ कोसळली. लोक त्याला 'फॉलंड फ्राइटफुल' (भयंकर फॉलंड) म्हणायचे, ते काही उगाच नाही.

म्हणजे हे पी १७७८? तिथेच गाडी अडते. नेपिअर कंपनीच्या सेबर इंजिनाच्या चाचणीसाठी फेअरी कंपनीचं एक बॅटल (बॉम्बफेकी विमान) वापरलं होतं, क्रमांक के ९२७८! एरवी बॅटलची चाकं पंखात ओढली जातात, पण याची पक्की बसवलेली होती. 'हॅम्बल'चाही उपयोग नाही. फॉलंड कंपनी तिथलीच, आणि फेअरीचाही तिथे कारखाना होता.

रंगावरूनही ठरवता येत नाही. पोट काळपट दिसतंय, पण त्यावर माझा भरवसा नाही. ब्रिटिश चाचणी-विमानांची पोटं पिवळी असत आणि तेव्हाच्या काही फिल्मवर पिवळा रंग काळा उमटायचा.

जाणकारांनी सांगावं, आणखी काय बघू?

प्रतिसाद १:
इंजिन सोडा हो, अशा विमानांचं नाक कायम बदलतं. कॉकपिट बघा. बॅटलला वैमानिकापासून मागच्या बंदूकधाऱ्यापर्यंत लांबलचक काचेचं छप्पर असतं. फॉलंडमध्ये वैमानिक एकटाच वर. दोन निरीक्षक त्याच्या मागे, खालच्या बाजूला केबिनमध्ये बसून इंजिनाच्या नोंदी घ्यायचे. पंखाच्या वरचा भाग मोठा स्कॅन करून टाकता का?

धागाकर्ता:
काच आखूडच वाटतेय, पण तिथे फोटोला घडी पडलीय. रात्री स्कॅन टाकतो.