लायसन्सचा एरर आला की ऑफिसमधल्या लोकांना नीट कसं सांगायचं?

एकटा_आयटीवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका मध्यम कंपनीत आयटी बघतो, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडेच. डिझाइनला सॉलिडवर्क्स (मशीनच्या पार्टचं ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) आहे नेटवर्क लायसन्सवर, म्हणजे लायसन्स एका सर्व्हरवर आणि सगळे तिथून वाटून घेतात, अकाउंट्सला टॅली प्राइम गोल्ड, बाकी सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५. एरर सोडवायला मला त्रास नाही. त्रास हा आहे की लायसन्सचा मेसेज दिसला की लोक एकतर घाबरतात नाहीतर चिडतात, आणि फोनवर जे सांगतात त्यावरून काही पत्ताच लागत नाही.

गेल्या महिन्यात २० तारखेला अकाउंट्समधून फोन, "टॅली तारीख घेत नाहीये." त्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, सगळे टेन्शनमध्ये, मॅडम रडायच्या बेतात. जागेवर गेलो तर वर कोपऱ्यात टॅली प्राइमच्या पुढे ईडीयू लिहिलेलं. म्हणजे लायसन्स सापडलं नाही म्हणून एज्युकेशनल मोडमध्ये उघडलंय, आणि त्या मोडमध्ये १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्र्या होतात. ज्या पीसीवर लायसन्स आहे तो आदल्या संध्याकाळी कोणीतरी वीज वाचवायची म्हणून बंद करून गेलं होतं. पीसी चालू केला, टॅली परत उघडलं, झालं काम. पण तोवर "टॅली उडालं, डेटा गेला" हे वर साहेबांपर्यंत पोचलेलं. डिझाइनमधले एक सिनियर काका तर दर वेळी सगळ्यांसमोर विचारतात, "कंपनीने पैसे भरले नाहीत का?"

स्लाइड्स करून सेशन घेतलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या आठवड्यात तेच फोन. तुम्ही लोक हे कसं समजावता?

शॉपफ्लोअर_ते_सर्व्हर:
दादा, लायसन्स म्हणजे काय हे शिकवायच्या भानगडीत पडूच नका. सीट, सबस्क्रिप्शन, ॲक्टिव्हेशन हे शब्द आपल्या कामाचे, त्यांच्या नाही. ज्याचं काम अडलंय त्याला एवढंच कळलं पाहिजे की चारातलं काय झालंय: जागा भरल्यात, नाव चुकलंय, मुदत संपलीये, का ज्याला विचारायचं तो सर्व्हरच सापडत नाहीये. माझ्या बघण्यातले बहुतेक सगळे लायसन्स एरर या चारात बसतात, आणि चारही ठिकाणी पुढे काय करायचं ते वेगळं आहे, म्हणून हा फरक त्यांना कळणं महत्त्वाचं.

तुमच्या सॉलिडवर्क्सचंच घ्या. एररमध्ये मायनस ४ हा कोड आला म्हणजे सगळ्या सीट, म्हणजे एका वेळी एकाने वापरायच्या जागा, वापरात आहेत. मायनस १५ आला म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाहीये, मग नेटवर्कची केबल असेल, व्हीपीएन असेल, फायरवॉलने २५७३४ पोर्ट अडवला असेल. डिझायनरला दोन्ही वेळा काय दिसतं, तर "सॉलिडवर्क्स उघडत नाही". पण मायनस ४ मध्ये तुमची गरजच नाही, शेजारच्याला विचारलं तरी काम होतं. मी डिझाइनच्या पोरांना एकच उदाहरण देतो, वाचनालयात एका पुस्तकाच्या पाच प्रती आहेत आणि पाचही बाहेर गेल्यात, पुस्तक फाटलेलं नाही आणि वाचनालयाने वर्गणीही थकवलेली नाही, कोणीतरी एक प्रत परत आणली की तुम्हाला मिळेल. तुमच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे बघा, पैसे भरलेत, पाच जणांचे भरलेत, आज सहा जण बसलेत.

आणि सीट कोणाकडे आहे हे लपवून ठेवू नका. सॉलिडनेटवर्क लायसन्स मॅनेजरमध्ये युसेजच्या टॅबवर नावं दिसतात. निम्म्या वेळा असं निघतं की कोणीतरी जेवायला जाताना फाइल मिनिमाइज करून गेलाय. अजून एक, लॅपटॉप घेऊन कस्टमरकडे जाणारे लोक लायसन्स बॉरो करतात, म्हणजे एक सीट लॅपटॉपवर उसनी नेतात, ३० दिवसांपर्यंत करता येतं, आणि परत आल्यावर रिटर्न करायचं राहून जातं. मग ती सीट मुदत संपेपर्यंत अडकून पडते आणि ऑफिसमध्ये बाकीचे भांडत बसतात. आमच्याकडे गेटपास भरताना लॅपटॉपच्या पुढे "लायसन्स बॉरो" असा रकाना टाकलाय, परत येताना वॉचमनच विचारतो.

३६५ चं थोडक्यात सांगतो. अनलायसन्स्ड प्रॉडक्ट दिसलं की आधी फाइलमध्ये जाऊन अकाउंट बघायला सांगा, बऱ्याचदा माणूस घरच्या ईमेलने साइन इन झालेला असतो. टूरवर असणारा सेल्सवाला असेल तर विचारा शेवटचं नेट कधी जोडलं होतं, ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. आणि जुना पीसी असेल तर खाली घड्याळात तारीख बघा. बोर्डवरचा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि लायसन्सवाले सगळेच प्रोग्रॅम एकदम कुरकुर करतात.

व्हाउचरवाली_ताई:
मी तुमच्या फोनच्या पलीकडची, अकाउंट्समधली. आयटीचं मला काही कळत नाही पण हे धागे वाचते, म्हणून आमची बाजू सांगते.

"टॅली तारीख घेत नाही" हे आम्ही बरोबरच सांगितलेलं असतं हो, आम्हाला तेवढंच दिसतं. स्क्रीनवर कुठेही मोठ्या अक्षरात "लायसन्स नाही" असं येत नाही, कोपऱ्यात तीन अक्षरं असतात आणि आमची नजर व्हाउचरवर असते. म्हणून आम्हाला कारण शिकवण्याआधी लक्षण शिकवा. तारीख घेत नसेल तर वर कोपऱ्यात ईडीयू आहे का बघा, असेल तर तो अमुक टेबलवरचा पीसी चालू आहे का बघा, मग फोन करा. एवढं एक वाक्य मॉनिटरच्या पट्टीवर चिकटवलं असतं तर त्या मॅडमची २० तारीख वाचली असती.

दुसरं, फोन उचलल्यावर पहिलं वाक्य "डेटा सुरक्षित आहे" हे असू द्या. कारण नंतर सांगा. आम्हाला एकच भीती असते की मार्चपासूनच्या एन्ट्र्या गेल्या का, आणि ती भीती असेपर्यंत तुम्ही पुढे जे बोलता ते कानात शिरतच नाही. एक्सेलचं पण तसंच. लायसन्स गेलं तरी फाइल उघडते आणि प्रिंट निघते, फक्त बदल करता येत नाही, हे मला कोणीतरी सांगितलं तेव्हा केवढा जीव भांड्यात पडला. बँकेत द्यायचं स्टेटमेंट तेव्हाच्या तेव्हा प्रिंट करून पाठवलं आणि मग शांतपणे आयटीला फोन केला.

तिसरं जरा नाजूक आहे. मेसेज आला की आम्हाला वाटतं आपल्या हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. त्यामुळे बऱ्याच जणी आधी तो मेसेज बंद करतात आणि मग फोन करतात, आणि तुम्ही विचारता "काय लिहिलं होतं" तर सांगता येत नाही. "मेसेज बंद करू नका, मोबाईलने फोटो काढून पाठवा, तुमची चूक नाहीये" हे तुम्ही स्वतः येऊन एकदा सांगा. सेशनमध्ये नको, टेबलवर येऊन. खूप फरक पडतो.

जुना_हार्डवेअरवाला:
ताईंनी फोटोचं सांगितलं ते शंभर टक्के. त्यात अजून एक शिकवा, खरा मेसेज आणि खोटा मेसेज. लायसन्सचा खरा मेसेज त्या प्रोग्रॅमच्या आत येतो. ब्राउझरमध्ये वेबसाइट बघताना अचानक लाल पान उघडलं, आवाज यायला लागला आणि "तुमचं विंडोज लायसन्स संपलंय, या नंबरवर फोन करा" असं आलं तर ते शंभर टक्के फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे त्यांनी स्वतःच त्यांच्या साइटवर लिहून ठेवलंय. घाबरलेला माणूस नंबर फिरवतो, पलीकडचा गोड बोलून रिमोट ॲप टाकायला लावतो आणि खातं साफ. अकाउंट्सच्या लोकांना तर हे आधी शिकवा, कंपनीचं नेट बँकिंग त्यांच्याच पीसीवर असतं.

दुसरा धोका म्हणजे मदत करणारा पुतण्या. "ऑफिसचं एक्सेल चालत नाही" म्हटलं की घरातलं कोणीतरी पेन ड्राइव्हवर ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स नसताना सॉफ्टवेअर चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम, देतं. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण त्या ॲक्टिव्हेटरसाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि मग काय आत येईल सांगता येत नाही. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: माहीत असून चोरटं सॉफ्टवेअर वापरलं तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. लोकांना हे कलम आहे हेच माहीत नसतं. धमकी म्हणून सांगू नका, "तुम्ही आणि कंपनी दोघं अडकू नये म्हणून सांगतोय" असं सांगा, लोक ऐकतात.

एकटा_आयटीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा मुद्दा फार पटला, लक्षणावरून कारणाकडे. आज टॅलीच्या प्रत्येक मॉनिटरला चिठ्ठी लावली आणि लायसन्सवाल्या पीसीच्या स्विचवर "बंद करू नये, टॅली याच्यावर चालते" असं मोठ्या अक्षरात चिकटवलं. गेटपासच्या रकान्यासाठी एचआरला मेल टाकलाय.

शॉपफ्लोअरदादा, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे मायनस ४ जवळपास रोज येतो, जेवणाच्या सुट्टीतलेच नाही. अजून एक सीट लागणार असं मला वाटतं, पण साहेब म्हणतात "ॲडजस्ट करा". त्यांना कसं समजवायचं?

शॉपफ्लोअर_ते_सर्व्हर:
साहेबांना एररचं नाव पण सांगू नका, आकडा दाखवा. लायसन्स सर्व्हरची लॉग फाइल असते, ज्या ज्या वेळी कोणाला सीट मिळाली नाही त्या त्या वेळी तिच्यात डिनाइड अशी ओळ पडते, युजरच्या नावासकट. एक महिन्याची लॉग घ्या, फक्त त्या ओळी वेगळ्या काढून एक्सेलमध्ये टाका. एकच माणूस पाच मिनिटांत दहा वेळा क्लिक करतो, ते एकदाच धरा, नाहीतर आकडा फुगतो आणि साहेबांनी एक ओळ तपासली की तुमचा सगळा कागद बाद. मग प्रत्येक वेळी तो डिझायनर किती वेळ थांबला ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि तासाच्या पगाराने गुणा.

त्याआधी लायसन्स सर्व्हरच्या ऑप्शन्स फाइलमध्ये (सेटिंगची फाइल) टाइमआउट लावून बघा, सेकंदात लिहायचा, ३६०० म्हणजे तासभर हात न लावलेली सीट आपोआप सुटते. लावायच्या आधी डिझाइनच्या सगळ्यांना सांगा मात्र, नाहीतर जेवून आल्यावर एखाद्याला स्वतःचीच सीट परत मिळणार नाही आणि तो फोन पुन्हा तुम्हालाच. टाइमआउट लावूनही महिनाभर डिनाइड येत राहिले तर सीट खरंच कमी आहे, मग कागद घेऊन जा. महिनाअखेरीच्या गडबडीत नको, बजेट ठरत असेल तेव्हा जा.