जंताचं औषध देऊनही मांजरीच्या शेपटीखाली परत तांदळासारखे दाणे?

माहीमची_मनी: मांजरीला जंताचं औषध दिलंय, तरी महिन्याभरात शेपटीखाली परत पांढरे दाणे. ताजे असले की वळवळतात, वाळले की तिळाएवढे होतात. डोस कमी पडला का? घरात रांगतं बाळ आहे, त्याला होईल का?

गुरांचा_डॉक्टर: आधी पाकिटावर प्राझिक्वांटेल लिहिलंय का ते बघा. नुसतं पायरँटेल गोल जंतांचं. हे दाणे म्हणजे डायपायलिडियम या पट्टकृमीचे (चपट्या, पट्टीसारख्या जंताचे) सुटलेले तुकडे, त्याला ते लागू पडत नाही. फेनबेंडाझोलही नाही. प्राझिक्वांटेलची मात्रा किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम, पण मांजर अंदाजाने तोलू नका, वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या.

औषध बरोबर असेल तर संशय पिसवांवर. गोळी पोटातले कृमी मारते, उद्याचे अडवत नाही. बाधित पिसू गिळली की दोनतीन आठवड्यांत दाणे पुन्हा सुरू.

कीटकवेडा: पिसू चावल्याने हा जंत होत नाही, गिळल्याने होतो. मोठी पिसू फक्त रक्त शोषते, तिला जंताची अंडी खाता येत नाहीत. खाते ती तिची अळी. लादीच्या फटीत, मांजरीच्या अंथरुणात दाणा फुटून अंड्यांची पुडकी सांडतात, ती अळी चघळते. पुढे कोषातून पिसू बाहेर येते ती पोटात कृमीचं पिल्लू घेऊनच, आणि मांजर अंग चाटताना ती गिळते. कुत्र्यांत अंगावरच्या चावऱ्या उवाही हेच काम करतात.

बाळालाही पिसू तोंडात गेली तरच होतो. दाण्याला हात लागून नाही. डायपरमध्ये दाणा दिसला तर डबीत घालून बालरोगतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर धाग्यासारखे जंत समजून भलतंच औषध दिलं जातं.

माहीमची_मनी: पाकिटावर पायरँटेलच आहे! पण पिसू एकही दिसत नाही.

गुरांचा_डॉक्टर: दिसणार नाही, मांजर चाटून गिळते. बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेली काळी भुकटी ओल्या टिश्यूवर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

मग घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी पिसवांचं औषध, पुढे दर महिन्याला, निदान तीन महिने. अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा, सोफ्याखाली व्हॅक्यूम फिरवून पिशवी लगेच घराबाहेर टाका. कोषांवर फवारा चालत नाही, म्हणून काही आठवडे नव्या पिसवा निघतच राहतात. त्यात मुंबईचा पावसाळा, दमट हवा अळ्यांना मानवते. आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजरीला चुकूनही लावू नका. झटके येऊन जीव जातो.