उन्हाळ्याचा अंदाज वेळेवर येतो, पण गावात त्याचं पुढं होतं काय?

वर्धाकाठचा

फेब्रुवारी संपता संपता हवामान खातं मार्च ते मेचा अंदाज काढतं आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा. पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि तिथंच विरते. माझं म्हणणं असं की अंदाज चुकणं ही आपली खरी अडचण नाही. अंदाज हातात असूनही ग्रामपंचायत, बाजार समिती, पाटबंधारे यातलं कोणीच आपलं वेळापत्रक हलवत नाही, ही अडचण आहे. रोजगार हमीचं काम एप्रिलातही भर दुपारी चालतं. तूर-हरभरा बाजार समितीच्या उघड्या ओट्यावर पडलेला असतो.

आणि कडक उन्हाळा म्हणजे कोरडा उन्हाळा, हा समज तर काढूनच टाका. जमीन तापली की हवा वर चढते. बंगालच्या उपसागरावरून ओलावा पोचला आणि वरच्या थरात हवा थंड असली, की दुपारी तीननंतर ढग उभे राहतात. दुपारी ४२ अंश आणि सांजेला गारा, हे एकाच दिवशी होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. उभा गहू, सोंगलेला हरभरा, संत्री, सगळं गेलं होतं. अंदाज कळल्यावर गावानं मार्चमध्येच बसून चार गोष्टी ठरवाव्या, एवढीच माझी मागणी आहे.

कास्तकार दर्यापूर

भाऊ, तीन महिन्याच्या अंदाजाच्या नकाशात अख्ख्या विदर्भाले बहुतेक एकच रंग असते. बुलढाणा ते गडचिरोली, ११ जिल्हे. माह्या वावरात गारा पडतीन का नाही, हे त्यात कुठं हाय? बरं, दोन दिवस आधी मेसेज आला तरी मी काय करू? हरभरा सोंगाले मजूर भेटत नाही. हार्वेस्टरवाल्याकडं नंबर लावा लागते, आन् इशारा आला की सारा गाव एकाच दिवशी त्याच्याच दारात उभा राह्यते. इशारा देणं सोपं हाय. ताडपत्री कोण देते, गोदाम कोण देते, हे बोला.

आन् यंत्राचं म्हणान तर मे २०२४ मंदी नागपुरात ५६ अंश दाखवले होते. मंग म्हणे सेन्सर बिघडला. अशाच आपोआप चालणाऱ्या केंद्रांवर आमचा फळपीक इमा ठरते.

संत्रा बागायतदार, वरूड

५६ चा आकडा हवामान खात्यानंच तपासून चूक ठरवला, हेही लिहा ना. नागपुरातल्या बाकी केंद्रांवर तो आकडा नव्हताच. विम्यासाठी महसूल मंडळातलं केंद्र कुठं बसवलं, झाडाच्या सावलीत आहे का, भिंतीला चिकटून आहे का, त्याची तपासणी कोण करतं, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर मी तुमच्यासोबत आहे.

पण तीन महिन्यांचा अंदाज बिनकामाचा, हे मला मान्य नाही. माझ्यासाठी तोच जास्त कामाचा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलांची, फळं एप्रिल-मेच्या उन्हात गळतात. आमच्या वरूड-मोर्शीत पाणी किती खोल गेलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळा कडक जाणार असं मार्चात कळलं, तर विहिरीत आहे तेवढ्या पाण्यावर किती झाडांचा बहार धरायचा आणि किती झाडं नुसती जगवायची, ते तेव्हाच ठरवता येतं. आळ्यात कुटार अंथरायचं तेही तेव्हाच. मे महिन्यात हे सुचून काही उपयोग नाही, तोवर कुटार ढोरांनी खाल्लेलं असतं.

पवनीकर

धागाकर्त्यांनी पाटबंधाऱ्याचं नाव घेतलं म्हणून लिहितो. वैनगंगेच्या काठी आमच्या गावावरच्या आभाळाकडं बघून पूर कळत नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पाऊस मध्य प्रदेशात झाला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. धानाच्या बांद्यांवर गाळ बसला. विदर्भात पाऊस सरासरीइतका पडेल की जास्त, या वाक्यानं आमचं काय भलं होणार? आम्हाला वरच्या धरणातून किती पाणी, किती वाजता सुटलं, ते हवं.

म्हणून उन्हाळ्याच्या अंदाजाशी पुराची सांगड घालू नका. उन्हाळ्यात आम्हाला एकच करून हवंय. मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत सिवनीचे अधिकारी आणि आमच्या काठच्या गावांचे सरपंच एका टेबलावर बसवा.

पूर्णाकाठ, जळगाव जामोद

आमच्याकडं अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, म्हणजे शेतात घट आणि धान्य मांडून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. भाकीत ऐकायला लोक लांबून येतात आणि त्यावर पेरणीचं ठरवतात. तुमच्या नकाशावर कोणी ठरवतं का? लोकांचा विश्वास बसतो तिथं काहीतरी असेलच.

वर्धाकाठचा

विश्वास आणि अचूकता वेगळ्या गोष्टी आहेत. घटातल्या धान्यावरून बियाण्याचे पैसे लावू नका, हे मी स्पष्ट सांगतो. दुबार पेरणीचा खर्च भाकीत सांगणारा देत नाही. पण एक गोष्ट तिथून घ्यावी. ते भाकीत लोकांसमोर बसून, पीक-पाण्याच्या भाषेत, तोंडी सांगितलं जातं. हवामान खात्याची पीडीएफ कोतवालापर्यंत तरी पोचते का?

आशाताई, कुरखेडा

तुम्ही सगळे वावराचं बोलता, मी माणसांचं बोलते. मैदानी भागात ४५ अंश झाले, किंवा ४० च्या वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झाले, तर उष्णतेची लाट धरतात. आमच्या ब्रह्मपुरी-गडचिरोली पट्ट्यात मे महिन्याची सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ अंशात लाट नाही, आणि बाई मात्र चक्कर येऊन पडते. म्हणून लाट जाहीर व्हायची वाट बघणारं कोणतंही नियोजन आमच्या कामाचं नाही.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. बाया पहाटे जंगलात जातात, उन्हं चढल्यावर डोक्यावर ओझं घेऊन परततात, मग घरी बसून पुडे बांधतात आणि दुपारनंतर फळीवर नेतात. फळी म्हणजे पुडे जमा करायचं मोकळं मैदान, आणि वादळाची वेळ नेमकी तीच. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चांगलं आहे, मी स्वतः वापरते, पण जंगलात रेंज नाही आणि निम्म्या बायांकडं साधा फोन आहे. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली जायचं नाही, पक्क्या घरात शिरायचं, हे मी घरोघर सांगते. फळीजवळ पक्कं घर कुठाय? ठेकेदाराला पाण्याची टाकी, मंडप आणि जवळच्या शाळेची खोली बंधनकारक करा. पत्त्याचा लिलाव करणारी ग्रामसभा ही अट घालू शकते.

वर्धाकाठचा

ताई, "लाट" शब्दावर मी अडून बसत नाही. ४२ च्या पुढं गेलं की काम सकाळी ६ ते १०, असा साधा ठराव ग्रामसभेनं घ्यावा. १ मेची ग्रामसभा यासाठी उशिराची आणि २६ जानेवारीची लवकरची, कारण तोवर अंदाजच आलेला नसतो. मार्चमध्ये विशेष सभा लावावी. पवनीकरांचा मुद्दाही मान्य. काठच्या गावांनी पाणी सोडण्याच्या निरोपाचा ठराव त्याच सभेत करून जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा. दर्यापूरकर, तुमच्या ओट्यावरच्या मालाचंही त्यातच घेऊ. बाजार समितीला शेड मागू.

कास्तकार दर्यापूर

शेड हाय ना भाऊ. पक्कं हाय, पत्र्याचं. त्यात व्यापाऱ्याचा माल भरून राह्यते आन् आमची तूर बाहेर भिजते. ठरावात नवीन शेड नोका मागू. मार्च ते जून शेड कास्तकारासाठी रिकामं ठेवा, असं लिहा. मंग मी सभेले येतो.