आठवी पास ड्रायव्हर, ठोकून पळणं आणि उसाच्या ट्रॉल्या

निपाणीकर: परवा इथं एकानं लिहिलं, ‘ट्रकवाल्यांना आठवी पासची अट परत लावा, ठोकून पळाला की १० वर्षं आत.’ दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. ती अट २०१९ला काढली ते बरंच झालं. माझा थोरला भाऊ चौथी नापास, २२ वर्षं बेंगळुरू लाइनला आहे. भरलेली गाडी तवंदी घाटात गिअरवर कशी उतरवायची, हे आठवीच्या कुठल्या पुस्तकात आहे?

चिक्कोडीचा मास्तर: ती पोस्ट माझीच. पुस्तकात नाही, पण बोर्ड तरी वाचता यावा. आणि पळायचं कशाला?

निपाणीकर: मास्तर, थांबला की लोक हात धुवून घेतात. संकेश्वरजवळ बाइकवाला आडवा आला, तेव्हा भावानं गाडी थेट पोलीस ठाण्यात नेली. तिथंही आधी दोन कानाखाली, मग पाणी.

चिक्कोडीचा मास्तर: मग तो पळाला कुठं? भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२), ते १० वर्षांचं, न कळवता पळणाऱ्याला आहे. आणि जानेवारी २०२४च्या संपानंतर ते कलम थांबवलंच. १ जुलैला बाकी कायदा लागू झाला, हे तेवढं राहिलं. वाचलं असतं तर कळलं असतं.

हायवे_पाव्हणा: दंड काय तो ट्रकलाच. ओव्हरलोडला केंद्राच्या कायद्यात २०,००० आणि वर टनाला २,०००. हेवीच्या लायसनला आधी वर्षभर हलक्या गाडीचं लायसन. आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या पोराला मिसरूड तरी फुटलंय काय?

ऊसवाला_रायबाग: आला ट्रॉलीवर! तोड मिळायला टोळीच्या मुकादमाच्या पाया पडतो आम्ही. वाळलेल्या उसाचं वजन तुम्ही भरून देणार?

हायवे_पाव्हणा: गेल्या हंगामात गोकाक रस्त्याला रात्री ट्रॉली उभी, टायर बसलेला, मागं दगड लावून मालक जेवायला. लाइट नाही. उसाच्या कांड्या काच फोडून क्लिनरच्या सीटवर आल्या. क्लिनर मागं झोपला होता म्हणून वाचला. आणि गुन्हा कुणावर? माझ्यावर.

ऊसवाला_रायबाग: करकचून ब्रेक मारायचा ना मग!

चिक्कोडीचा मास्तर: विषय लायसनचा होता.

निपाणीकर: ट्रॅक्टरला लायसन लागत नाही वाटतं, मास्तर? तुमच्या भावकीतले किती ट्रॅक्टर रोडवर आहेत ते सांगा आधी.

चिक्कोडीचा मास्तर: तीन. एकाकडे आहे. झालं समाधान?

ऊसवाला_रायबाग: बरं बाबा, रिफ्लेक्टर चिकटवतो. लाल फडकं तर बांधतोच की.

हायवे_पाव्हणा: रात्री फडकं दिसतंय होय?