झाकणांचं महावस्त्र

टाकाऊ वस्तूंची कला म्हणजे शाळेतल्या हस्तकलेचीच मोठी आवृत्ती, असं एक मत आहे; मला ते अजिबात पटत नाही. शिल्पकार एल अनात्सुई यांचं काम पाहा. जन्म घानाचा, १९४४चा. पण कित्येक वर्षं नायजेरियातल्या न्सुक्काच्या विद्यापीठात त्यांनी शिल्पकला शिकवली. दारूच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं चपटी करायची, दुमडायची, पिळायची आणि भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडायची. असे हजारो तुकडे, मदतीला अनेक हात. भिंतीवर चढवलं की ते धातूचं वस्त्र जरीच्या शालूसारखं चुण्या घेत खाली उतरतं.

आणि झाकणंच का? युरोपातून आलेली दारू पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालाच्या बदल्यात दिली जायची, गुलामांच्या बदल्यातही. तो इतिहास त्या साहित्यातच आहे, वरून चिकटवलेला नाही. मला सगळ्यात भावतं ते हे, की चुण्या कुठे पाडायच्या हे ते बऱ्याचदा मांडणी करणाऱ्यांवर सोडतात. त्यामुळे एकच कलाकृती दर ठिकाणी नव्याने घडते.

२०१५मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या टर्बाइन हॉलमध्ये २०२३ साली लावलेल्या त्यांच्या कामाचे फोटो शोधून बघाच.