अर्धशिशी, गुडघा आणि विपश्यना

ध्यान हे शारीरिक दुखण्यावरचे औषध मानावे का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्यावरून विपश्यना या ध्यानपद्धतीचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांची हकिकत आठवते. ब्रह्मदेशात उद्योजक असलेले गोएंका अर्धशिशीने इतके हैराण होते की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. तरीही ते केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी आले आहेत हे कळताच तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांनी त्यांना शिबिरात घ्यायला आधी नकार दिला. चित्तशुद्धीसाठी या, दुखणे गेले तर ते आनुषंगिक फळ, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९५५ मध्ये गोएंका शिबिराला बसले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेची तीच साधना शिकवली जाते.

तेथील दहा दिवसांच्या शिबिरात मला या भूमिकेचा अर्थ गुडघ्यातून कळला. चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचे असते. चाळिसाव्या मिनिटाला उजवा गुडघा ठणकू लागे आणि ‘आता उठावेच लागणार’ असे मनात आले की कळ दुप्पट होई. तिच्याकडे नुसते पाहत राहिले की मात्र तिचे तुकडे पडत, कुठे मुंग्या, कुठे उष्णता, कुठे फक्त ठोके. दुखणे गेले नाही, त्यावरची चिडचिड तेवढी ओसरली. (संध्याकाळी चहा-चुरमुऱ्यांवर भागवावे लागले, ती चिडचिड निराळी.)

नैराश्यावर उपचार चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे दीर्घ मौनशिबिर करू नये आणि गोळ्या तर परस्पर मुळीच बंद करू नयेत. प्रवेश-अर्जातही मानसिक आजारांची माहिती स्पष्टपणे मागितलेली असते.