भाचा गोळ्या चुकवतोय, काय करावं?

माझा १७ वर्षांचा भाचा जन्मापासून एचआयव्हीसह जगतोय. लहानपणी ताई स्वतः गोळी द्यायची, सगळं सुरळीत होतं. हॉस्टेलवर गेल्यापासून गडबड झालीय. डबी खडखडली की रूममेट विचारतील म्हणून गोळ्या मोज्यात गुंडाळून ठेवतो, मग घ्यायच्याच राहतात. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) पुन्हा वाढलाय. डोस चुकत राहिले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे त्याला पाठ आहे, ओरडून काही होत नाही (ताईला कोण सांगणार!).

डोलुटेग्रावीर या एचआयव्हीच्या औषधाची गोळी दिवसातून एकदाच, उपाशीपोटीही चालते. मग रूममेट नसतील अशी वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी का? गोळ्यांऐवजी दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं कॅबोटेग्रावीर-रिल्पिविरीन इंजेक्शन सहसा लोड आटोक्यात आल्यावरच देतात, म्हणजे तोवर गोळ्याच. तुमच्याकडच्या मुलांनी या वयात घडी कशी बसवली? समवयस्कांच्या गटाचा उपयोग झाला का?